काटोलला न जाण्याचा भात

मला स्वयंपाक येत नाही, हे वाक्य मी आयुष्यभर इतक्या ऐटीत म्हणत आलो की ऐकणाऱ्याला वाटावं, मला पोहता येत नाही किंवा बासरी वाजवता येत नाही असं काहीतरी मी सांगतोय. लग्न केलं नाही, त्यामुळे टोकणारं कुणी नव्हतं. सव्वीस वर्षं एका मावशींचा डबा आला. सकाळी एक, संध्याकाळी एक. मी डबा उघडायचो, जेवायचो, डबा धुवायचो. धुवायचो म्हणजे विसळायचो. मावशी पुन्हा धुवायच्या, हे मला खूप उशिरा कळलं.

मग मावशी थकल्या आणि डबा बंद झाला. पुढचे तीन महिने मी कसे काढले ते इथं खरंखरं सांगतो, कारण ताईला सांगताना मी सगळं खोटं सांगितलं होतं. सकाळी चौकातले तर्री-पोहे. दुपारी बिस्किटं. संध्याकाळी भूक लागली तर उरलेली बिस्किटं, फारच लागली तर मेट्रोनं सीताबर्डीला जाऊन काहीतरी तळलेलं. ताईचा रोज फोन यायचा, "काय जेवला गा?" मी रोज एक नवी भाजी सांगायचो. भर मे महिन्यात एकदा मेथी सांगितली.

"मेथी? या दिवसात? कुठं भेटली तुले?"

"मॉलमध्ये."

ताई बराच वेळ काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला लहानपणापासून ओळखता येतं. त्यात शिव्या असतात.

आणि एका सकाळी जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. शेवटच्या चार पायऱ्या मी एकदमच उतरलो. शेजारच्या वहिनींनी उचललं, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं रक्ताचा रिपोर्ट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "काका, पेन्शन वगैरे काही आहे ना?" मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त इंजिनियर. तीस वर्षं लोकांच्या शेताला पाणी मोजून दिलं, आणि स्वतः खाटेवर उपासमारीचा रुग्ण म्हणून पडलो होतो. गुडघा फुटला होता, पण लागलं होतं दुसरीकडेच.

ताई काटोलहून आली आणि मला घेऊनच गेली. पंधरा दिवस मी तिच्याकडे राहिलो. त्या पंधरा दिवसांबद्दल तक्रार करायला मला जागा नाही, हीच माझी मोठी तक्रार आहे. समोरच्या खोलीत पलंग. उशाशी रिमोट. अकराला संत्र्याचा रस, एकला जेवण, चारला चहा. ताईचे थोरले जावई संत्र्यांच्या मंडईतून आले की आधी माझ्या खोलीत डोकावायचे आणि "काय म्हणता मामाजी?" असं मोठ्यानं विचारायचे, जणू मी पडलो तेव्हा कानावर पडलो होतो. चौथ्या दिवशी ताईनं माझ्या चपला आत नेऊन ठेवल्या. सहाव्या दिवशी मी आंघोळीला गेलो तर बाहेरून ताईचा आवाज आला, "आतून कडी लावू नको बरं!"

"काहून?"

"चक्कर आली त आम्ही आत कसं येऊ?"

एकसष्ट वर्षांचा माणूस एका हातानं दार धरून दुसऱ्या हातानं पाठ घासतो आहे, हे दृश्य कुणी पाहिलं नाही म्हणून बरं. मी तेव्हाच ठरवलं. बँकेत हयातीचा दाखला द्यायचाय अशी थाप मारली आणि नागपूरला परत आलो. हयातीचा दाखला जूनमध्ये कोणी मागत नाही, हे ताईला ठाऊक नव्हतं. जावयांना होतं. ते काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्या माणसाबद्दल मला आदर आहे.

ताई गप्प बसणारी नव्हतीच. कॅनडाहून तिची धाकटी मुलगी, म्हणजे माझी भाची, तीन आठवड्यांसाठी आली होती. शनिवारी दोघी माझ्याकडे आल्या. ताईनं माझं स्वयंपाकघर उघडलं, डबे वाजवून पाहिले, फ्रीजमधल्या एकुलत्या एका लिंबाकडे पाहिलं आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "सोमवारी सकाळच्या बसनं चालायचं. घराले कुलूप लावू. आता माही ऐक."

"मी येऊन नाही राहिलो."

"मग खाशीन काय? लिंबू?"

"शिकीन."

"या वयात?"

"या वयात पडायले जमलं, तर शिकायलेही जमन."

भाची मध्ये पडली. तिकडे राहून तिला प्रत्येक भांडणाचं रूपांतर कराराच्या कलमांत करायची सवय लागली आहे. तिनं कागदच घेतला. मामानं रविवारी रात्रीचं जेवण तिघांसाठी करायचं. पूर्ण स्वतःच्या हातानं. बाहेरचं पार्सल चालणार नाही. आईनं स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही, भाचीनं फक्त कृती सांगायची, हात लावायचा नाही. आठच्या ठोक्याला ताटं वाढलेली पाहिजेत, कारण ताईच्या गोळ्या आठच्या. जमलं तर काटोलचा विषय कायमचा बंद. नाही जमलं तर सोमवारची बस.

मी सही केली. रागात सह्या करायची माझी सवय जुनी आहे. नोकरीत त्यापायी दोन बदल्या झाल्या.

"काय करशीन?" ताईनं विचारलं. तिला वाटलं, खिचडी म्हणेन.

भाचीनं बॅगेतून एक पाकीट काढलं. आत काळे, लांब, सुयांसारखे दाणे. वाइल्ड राइस. तिकडे थंडीत चिकन घालून एकाच भांड्यात करतात म्हणे, एकदा झाकण लावलं की झालं. 'एकच भांडं' आणि 'झाकण लावलं की झालं' हे दोन शब्दप्रयोग ऐकून मी मोहात पडलो.

ताईनं दाणे तळहातावर घेतले. "हे तांदूळ हायेत?"

"खरं सांगायचं तर हे गवताचं बी आहे आई. तळ्यात उगवतं."

"म्हणजे आता माहा भाऊ तळ्यातलं गवत खाईन."

तीस वर्षांत तळ्यातलं गवत काढून टाकण्यासाठी मी किती टेंडरं काढली ते माझं मला माहीत. त्या गवताचं कुणी पाकीट करून विकेल, असं एकाही बैठकीत कुणी सुचवलं नव्हतं.

ताईनं तेवढ्यात आपली अट घुसडली. "मी ते इंजेक्शनची कोंबडी खात नाही. गावरानी पाहिजे."

भाची म्हणाली, "आई, ते कलमांत नाही." मी म्हणालो, "चालेल, गावरानी." पुन्हा रागातच.

रविवारी सकाळी पिशवी घेऊन निघालो. कोंबडीवाल्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गावरानी? काका, घरी दात कोणाकोणाले हायेत?"

"सगळ्यायले हायेत. काहून?"

"नाही, ही फिरलेली कोंबडी हाय. गॅसवर शिजता शिजत नाही. मागून लोकं मलेच शिव्या देतात."

"किती शिजवा लागते?"

"कुकर असन त आठ-नऊ शिट्ट्या. वहिनीले सांगा, त्यायले समजते."

वहिनी म्हणजे माझी बायको, जी नाही. मी मान डोलावली. पण या माणसाच्या तोंडून मला पहिलं आणि शेवटचं पाककौशल्य मिळालं होतं. भाचीनं दिलेल्या कृतीच्या कागदावर लिहिलं होतं पंचवीस मिनिटं. तिच्याकडे विजेचा कुकर, तो मिनिटांत बोलतो. आपला कुकर शिट्ट्यांत बोलतो. तीन मिनिटांना एक शिट्टी धरली तर पंचवीस मिनिटांच्या आठ आणि वर थोडं, म्हणजे नऊ होतात, आणि गावरानी कोंबडीच्याही नऊ. म्हणजे गवताला आणि कोंबडीला एकाच वेळी शिजायचं होतं! ब्रॉयलर असती तर तिचा भुगा झाला असता. ताईनं मला पाडायला घातलेली अट माझ्याच कामाला आली होती. रस्त्यानं येताना मी एकटाच हसत होतो. भाजीवालीनं गाजरं दोनदा मोजली.

कागदावर सेलरी नावाची एक वस्तू होती. ती मिळाली नाही. मी सांबाराच्या काड्या घेतल्या. पुण्या-मुंबईकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात त्याला आमच्याकडे सांबार म्हणतात, आणि तिकडून आलेला पाहुणा 'जेवणात सांबार घालू का' ऐकून इडली शोधतो. थाइम म्हणूनही काही होतं. त्याऐवजी मी चिमूटभर ओवा आणि मूठभर धैर्य घेतलं.

दुपारी चारला मी तांदूळ निवडायला बसलो. खडे काढायचे, काळे दाणे काढायचे, हे मी मावशींना करताना पाहिलं होतं. परातीत पसरले. काळा दाणा काढला. त्याच्या शेजारचाही काळा. दहा-बारा काढल्यावर लक्षात आलं की या हिशेबानं परातीत काहीच उरणार नाही. काढलेले हळूच परत टाकले. ताई दारातून पाहत होती.

"काय करून राहिला?"

"तपासून राहिलो."

साडेपाचला कांदा चिरला. कांद्यानं मला चिरलं असंही म्हणता येईल. कुकरात तेल, कांदा, आलं-लसूण, गाजर, सांबाराच्या काड्या, कोंबडी, मग काळे दाणे, पाणी, मीठ. सहाच्या सुमाराला झाकण बसवलं, वर शिट्टी ठेवली, गॅस मोठा केला.

आता प्रश्न ताईचा. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर ती अशी बसली होती की पाय बाहेर आणि मान स्वयंपाकघरात. करारात मानेबद्दल काही नव्हतं. फोडणीचा वास आला तेव्हा ती दोनदा उठली. तिसऱ्यांदा उठली तेव्हा मी सरळ खुर्ची आणून स्वयंपाकघराच्या दारात टाकली आणि बसलो. तोंड ताईकडे, पाठ कुकरकडे. हातात पेन्सिल. दाराशेजारच्या कॅलेंडरवर प्रत्येक शिट्टीला एक रेघ मारायची, असं ठरवलं. इंजिनियर आहे, नोंद ठेवल्याशिवाय मला काही झाल्यासारखं वाटत नाही.

पहिली शिट्टी आली. मी रेघ मारली. तो आनंद मला सांगता येणार नाही. पहिल्या कालव्याचं दार उघडलं तेव्हाही एवढा झाला नव्हता.

"बरोबर हाय," ताई म्हणाली. "माहाच कुकर हाय तो. दहा वर्षं मी वापरला, मंग तुले देल्ला. त्याचा आवाज मी हजारात ओळखीन. सुरुवातीले बारीक, मागून घुमते."

दुसरी आली. "पाह्य, घुमली."

तिसरी, चौथी. ताई नकळत बोटांवर मोजायला लागली होती. आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो आणि कितीतरी दिवसांनी एकाच गोष्टीवर आमचं एकमत होतं. भाची फोनवर काहीतरी पाहत होती. ती मध्येच म्हणाली, "मामा, वाफ खूप येते आहे आतून."

"वाफ येणारच. कुकर आहे, फ्रीज नाही."

पाचवी. सहावी. सातवी. सात रेघा. ताई म्हणाली, "आठ पुरतात. नवव्यात मांस हाडाले सोडते." मी म्हणालो, "नऊ." आणि आठवीची वाट पाहत बसलो.

आठवी आली नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. "गॅस संपला असन," ताई म्हणाली. मी मागे वळून पाहिलं. ज्योत व्यवस्थित. "मंग शिट्टी अडकली." "नाही अडकली." "मंग फुटन आता. बाजूले हो." "तूच बाजूला बसलेली आहे न ताई." असं चाललेलं असताना दार वाजलं. शेजारच्या वहिनी होत्या. हातात झाकलेला बाउल.

"ताई आल्या म्हणून छोले आणले," वहिनी म्हणाल्या. "सात शिट्ट्या देल्या, तरी थोडे कच्चेच राहिले वाटते. पाहा बरं."

भाचीनं फोन बाजूला ठेवला. तिनं कॅलेंडरकडे पाहिलं, मग बाउलकडे, मग तोंडावर ओढणी धरली.

वहिनींचं स्वयंपाकघर आणि माझं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत आहे आणि दोघांच्या खिडक्या एकाच बोळकांडीत उघडतात. त्या बोळकांडीतून मी अर्धा तास वहिनींचे छोले शिजवले होते.

"मग आपला?" ताईचा आवाज बारीक झाला.

मी उठलो, कुकरापाशी गेलो, झाकणाला हात लावला. ते नुसतं हातात आलं. दाब नावाची गोष्ट त्याच्या आयुष्यात आलीच नव्हती. झाकणाच्या कडेला जिथं काळं रबर असतं, तिथं काही नव्हतं.

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, काल तुम्ही म्हणाले रबर सैल झालं, तवा मी सांगितलं न, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, घट्ट होते म्हणून."

"ठेवलं."

"काढलं?"

मी फ्रीजकडे पाहिलं. भाचीनं हसायला सुरुवात केली ती थेट जमिनीवर बसली.

मला मात्र त्या क्षणी एकच दिसलं, आणि ते सोडायचा माझा विचार नव्हता. "ताई," मी म्हणालो, "हजारात ओळखते न तू? सुरुवातीले बारीक, मागून घुमते?"

ताईनं पदर नीट केला. "तुहं तोंड बंद कर आणि काय शिजलं ते पाह्य."

सात वाजून पाच मिनिटं झाली होती. कोंबडी अर्धी शिजलेली, म्हणजे बाहेरून शिजलेली आणि आतून फिरायला निघालेली. पाणी बरंचसं उडालेलं, तळाला गाजर लागलेलं. काळे दाणे मात्र होते तसेच टणक, कॅनडाहून आलोय आणि उद्या परत जाणार आहोत असा चेहरा करून.

ताई उठली. दारापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या अलीकडे थांबली. आता तिचा आवाज भांडणाचा नव्हता. "सरक बाबू. मी करते. पंधरा मिनिटांत करते. कोणाले सांगणार नाही."

हेच अवघड होतं. टोमण्यांना माझ्याकडे उत्तरं होती. पण ती खरंच पंधरा मिनिटांत करणार होती, ते खरंच चांगलं होणार होतं आणि सोमवारी सकाळी मी खरंच बसमध्ये असणार होतो, खिडकीशेजारी बसवलेला, मांडीवर पिशवी.

"नाही," मी म्हणालो. "तू बस."

"अरे, करपलं ते."

"माझं करपलं आहे."

फ्रीजरमधून रबर काढलं. ते बांगडीसारखं कडक झालं होतं. नळाखाली धरलं, झाकणात बसवताना दोन बोटं भाजून घेतली. गरम पाणी घातलं. मीठ घातलं. पुन्हा घातलंय, हे नंतर आठवलं. झाकण लावलं. या वेळी दारात बसलो नाही. कुकरासमोर उभा राहिलो, चष्मा लावून, शिट्टीवर नजर ठेवून, आणि खिडकीही लावून घेतली.

सात वीसला शिट्टी वाजली. ताई बाहेरून ओरडली, "ही आपलीच का?"

"आपलीच! डोळ्यांनी पाहून राहिलो!"

"अर्धं शिजलेलं हाय, आता पाच पुरे!"

तिचं बरोबर होतं. स्वयंपाकात तिचं नेहमीच बरोबर असतं. जिन्यात मी भुकेनं पडलो हेही तिनं बरोबर ओळखलं होतं, आणि माझ्या मेथीचंही. तिचं चुकत नव्हतं म्हणूनच तर मला एवढा राग येत होता. चुकणाऱ्या माणसाला विरोध करायला काय लागतं? पाचवी शिट्टी वाजली तेव्हा माझा हात गॅसच्या बटणावर होता. मी तो मागे घेतला आणि नऊ दिल्या. हिशेब माझा होता, चुकला तरी माझाच चुकू दे.

नववी वाजली तेव्हा आठला आठ मिनिटं कमी होती. गॅस बंद केला आणि झाकण ओढलं. हलेना. दाब. संध्याकाळभर ज्याची मी वाट पाहिली तो दाब आता आत बसला होता आणि उतरायला तयार नव्हता. भाची ओरडली, "मामा, शिट्टी उचलू नका! नळाखाली धरा!" मी कुकर उचलून मोरीत ठेवला, वर पाणी सोडलं. आठला तीन मिनिटं. दोन. कुकर सुस्कारे टाकत होता. बाहेरच्या भिंतीवरच्या घड्याळानं आठ ठोके द्यायला सुरुवात केली आणि मी ताटं हातात घेऊन उभा राहिलो. रिकामी ताटं.

झाकण उघडलं तेव्हा आठ वाजून चार मिनिटं झाली होती.

आतलं दृश्य सांगतो. काळे दाणे मधोमध उकलले होते आणि आतून पांढरे झाले होते. कोंबडीची तंगडी काट्यानं हाडावरून सुटत होती. ताई म्हणाली होती तसंच. वर दुधाची साय घातली, कारण कागदावर क्रीम लिहिलं होतं. तीन ताटं वाढली. एकाही ताटात करपलेलं गाजर जाऊ दिलं नाही, ते सगळं कुकराच्या तळाशी माझ्यासाठी ठेवलं.

ताईनं घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. त्या दाण्याला चावावंच लागतं, तो आपल्या चिन्नोर तांदळासारखा तोंडात जाऊन विरघळत नाही.

"मीठ दोनदा टाकलं न?"

"हो."

"ओवा कोणी सांगितला?"

"कोणीच नाही."

तिनं दुसरा घास घेतला. तिसरा. मग गोळ्या घेतल्या, पाणी प्यायली आणि ताटाकडे पाहत म्हणाली, "आठ वाजून गेले होते."

भाची म्हणाली, "आई, चार मिनिटं..."

"कागदावर आठ लिहिलं होतं. तूच लिहिलं."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "मी हरलो."

ताईनं मान वर केली. तिला याची अपेक्षा नव्हती. मलाही नव्हती. पण तोंड उघडलं होतं, आणि आतून जे निघालं ते दिवसभर शिजत असावं. "मी हरलो आणि मी येत नाही. जिंकलो असतो तरी आलो नसतो, हरलो तरी येत नाही. काल सही केली तेव्हाच मी मूर्ख होतो. माझ्या घरात राहायसाठी मी परीक्षा कशाची देऊन राहिलो? कोंबडी शिजवता आली तर राहू, नाही आली तर बाहेर? ज्यायले स्वयंपाक येतो त्यायलेच घर असते का? करपलेलं खाईन. खारट खाईन. पण आंघोळीले कडी लावून राहीन."

शेवटचं वाक्य ऐकून भाची चमकली. तिला कडीचं ठाऊक नव्हतं. ताईला होतं.

"तू पडला तवा," ताई म्हणाली, आणि थांबली. घास ताटात परत ठेवला. "तू पडला तवा या शेजारच्या बाईचा फोन आला. म्हणे, भाऊ जिन्यात पडले. जित्ता हाय का, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. काटोलपासून इथवर बसमध्ये मी विचारलं नाही. फोन हातात होता. दीड तास. तुले काय समजते? तुले त कडीच दिसते."

पुन्हा पडणार नाही, असं वचन देता आलं असतं. माझ्या मेथीच्या भाजीइतकंच खरं.

"पडीन ताई," मी म्हणालो. "कधी ना कधी पडीनच. पण इथंच पडीन."

"तोंडाले लगाम नाही मेल्याच्या," ती म्हणाली आणि ताट पुढे केलं. "वाढ आणखी. पीस नको, ते गवतच वाढ."

मी वाढलं. तिघांची जेवणं झाली. मग हात धुऊन आल्यावर, पदराला हात पुसत, तिनं तळहात माझ्यापुढे धरला.

"चावी दे."

"कशाची?"

"घराची. दुसरी असन न? पुढच्या बारीले मले दुसऱ्याच्या फोनवर बसायचं नाही. मी येईन आणि उघडीन."

मी टेबलाच्या खणातून चावी काढली. तिच्या हातावर ठेवण्याआधी मुठीत धरून ठेवली. "एक अट आहे."

"आता तुही अट?"

"आल्यावर आधी बेल वाजवायची. मग थांबायचं. मी नाही उघडलं तरच चावी लावायची."

"चावी हाती असून मी बाहेर उभी राहू? काहून?"

"कारण घर माझं आहे."

तिनं माझ्या मुठीकडे पाहिलं. मी मूठ सोडली नाही. भाचीनं कागद शोधायला सुरुवात केली तशी ताई तिच्यावर खेकसली, "लिहू नको काही!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "किती वेळ थांबायचं?"

"दहापर्यंत मोज."

"पाच."

"दहा, ताई."

सोमवारच्या बसनं ती गेली, भाचीबरोबर, चावी कमरेच्या पिशवीत घालून. आता महिन्यातून दोनदा येते. बेल वाजते, आणि दाराबाहेर ती मोठमोठ्यानं मोजायला लागते, जिन्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मी आत असतो, धडधाकट असतो, आणि नऊ होईपर्यंत खुर्चीतून उठत नाही.